स्टँडवरचा कॅमेरा

मुखेड,
२ जानेवारी २०२५

चि. तनू,

नव्या वर्षाचे आणि जुन्या वर्षात द्यायचे राहिलेले असे दोन्ही आशीर्वाद एकदमच घे. आम्ही दोघं ठीक आहोत. थंडी यंदा बरी पडली आहे, हरभरा चांगला आलाय म्हणतात. तुझी आई संक्रांतीच्या तिळामागे लागली आहे आणि मला हल्ली चहा अर्धाच कप देते. तू आलीस की विचार तिला, आपल्या घरात दुधाचा एवढा दुष्काळ कधीपासून पडला.

पत्र टाईप केलेलं बघून नाक मुरडू नकोस. दुकानात कॉम्प्युटर आहे, प्रिंटर आहे, गिऱ्हाईक नाही. मग रिकामा बसून काय करू?

तू फोनवर जे विचारलंस आणि माझं उत्तर न ऐकताच फोन ठेवलास, ते माझ्या डोक्यात आहे. तुझ्या लग्नाचे फोटो मी काढायला तयार नाही, याचा अर्थ सत्यम मला पसंत नाही, असा तू लावलास. त्याचं उत्तर मी देणार आहे. त्यासाठीच तर लिहायला बसलो. पण आधी सहलीचं सांगू दे. सहलीची भेट तूच दिली होतीस आणि देताना दरडावलंही होतंस, "पप्पा, आल्यावर फायदा काय झाला ते सांगायचं, नुसतं 'बरं झालं' म्हणायचं नाही."

दिवाळीत तू ते पाकीट माझ्या हातात ठेवलंस तेव्हा मी तोंडावर हसलो आणि मनातून चिडलो होतो. निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांसाठी गाईडसह सहल, किनवट, कंधार आणि अहमदपूरचा परिसर! अगं, मुखेडच्या फोटोवाल्याला कंधार दाखवायला लातूरची पोरगी येणार? कंधार तालुक्यातली निम्मी लग्नं मी काढली. किनवटच्या वसतिगृहातल्या पोरांचे ओळखपत्राचे फोटो काढायला वर्षानुवर्षं गेलो. आणि फोटो काढायला घोळक्यानं कोण जातं? माणसानं एकट्यानं जावं, गुपचूप काढावा आणि यावं. तुझ्या आईला म्हणालो, "पोरगी मला शाळेच्या सहलीला पाठवून राहिली, डबा भर." तिनं खरंच भरला. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी.

नांदेडला स्टेशनसमोर गाडी उभी होती. सोलापूरचे आप्पासाहेब म्हणून निवृत्त इंजिनियर होते, त्यांच्या लेन्सलाच वेगळी सीट लागत होती. परभणीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई होत्या, आणखी चार हौशी मंडळी होती. गाईड म्हणजे ती लातूरची गीतांजली. तुझ्याच वयाची, केस आखूड, पायात बूट, आवाज एसटीच्या कंडक्टरसारखा. मला पाहिल्याबरोबर म्हणाली, "काका, स्टुडिओवाले ना तुम्ही? मग तुमच्याकडून मला शिकायला मिळणार." मी फुगलो. तो फुगा किनवटलाच फुटला.

किनवटच्या सागाच्या जंगलात आम्ही उजाडायच्या आधी पोचलो. मी एकटा गेलो असतो तर त्या वेळेला चहाची टपरी कधी उघडते याची वाट बघत बसलो असतो. ही पोरगी आठवडाभर आधी येऊन सगळं बघून गेली होती. सूर्य कोणत्या टेकडीमागून वर येतो, धुकं कोणत्या ओढ्यात साचतं, गाडी कुठवर जाते, वनखात्याच्या कुणाला विचारायचं, सगळं. परभणीच्या बाई मला म्हणाल्या, "इतकी वर्षं कॅमेरा घेऊन बसले होते हो, पण बाईमाणसानं एकटीनं अंधारात जंगलात कसं यायचं?" तेव्हा पहिल्यांदा वाटलं, घोळक्याचा काही उपयोग असतो.

मग गीतांजलीनं नियम सांगितला. कॅमेरा स्टँडवर लावायचा. (ती ट्रायपॉड म्हणते, मी स्टँडच म्हणणार.) चौकट ठरवायची, टायमर लावायचा, आणि हात काढून घ्यायचा. बटण दाबून बाजूला व्हायचं. दोन सेकंदांनी कॅमेरा आपला आपण फोटो काढतो.

आप्पासाहेबांना ते पटेना. म्हणाले, "माझा हात एकदम स्थिर आहे."

ती म्हणाली, "काका, कुणाचाच हात स्थिर नसतो. आपण नुसता श्वास घेतला तरी एवढ्या कमी उजेडात फोटो हलतो. म्हणून आपण इथं सगळ्यांचाच हात हलतो असं धरून चालायचं."

तनू, हे वाक्य मला फार आवडलं. का आवडलं ते पुढे येईल.

लग्नात आपण फोटोच्या मागे पळतो. नवरदेवाचा मामा आडवा येतो, भटजींचं डोकं मध्ये येतं, त्यातून वाट काढत पळायचं. इथं सगळं उलटं. स्टँड रोवून बसायचं, उजेड येईल तेव्हा येईल. माझा जीव खालीवर होत होता. झाडांना ओरडून सांगावंसं वाटत होतं, "हनुवटी जरा वर, आता हलू नका!" पण झाडं मुळातच शहाणी, त्यांना सांगावं लागत नाही. हळूहळू ऊन धुक्यात उतरलं, खोडांमधून तिरपे पट्टे पडले आणि माझा फोटो आला. रात्रीच्या जेवणाआधी गीतांजली सगळ्यांचे फोटो पडद्यावर लावून एकेकाला बोलत असे. माझा लावला आणि म्हणाली, "काका, तुम्ही ह्या झाडाचा पासपोर्ट फोटो काढलाय." सगळे हसले. मीही हसलो, कारण खरंच होतं. झाड बरोबर मधोमध, दोन्ही बाजूंना सारखी जागा. तीस वर्षांत कुणी माझ्या फोटोतली चूक मला दाखवली नव्हती. गिऱ्हाईक एकच विचारतं, गोरा करून देता का?

दुसऱ्या दिवशी कंधार. किल्ल्याच्या खंदकात पाणी होतं, पहाटेचा वारा पडलेला, आणि पाण्यात आख्खी तटबंदी उलटी उभी. मी त्या जागेवर किती जोडपी उभी केली असतील! तिनं पदर उडवायचा, त्यानं गॉगल काढायचा, आणि मागे किल्ला. माझ्यासाठी कंधारचा किल्ला म्हणजे नवरा-नवरीच्या मागचा पडदा. त्याच्यापुढे कुणीच नसताना तो कसा दिसतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं. ज्या गावात आपण रोज जातो ते बघायला वाटाड्या लागतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्यालाच दुकानाबाहेर काढलं असतं.

तिथं एक बगळा उडाला. पाण्यावरून अगदी खालून, पंख पसरून. मी जुन्या सवयीनं कॅमेरा स्टँडवरून काढला आणि धडाधड बटण दाबलं. एकही फोटो आला नाही. सगळे फरकटलेले. आप्पासाहेब डोकावून म्हणाले, "शटर स्पीड वाढवा की." मी हो म्हणालो. गीतांजलीनंही पाहिलं. थोड्या वेळानं येऊन तिनं एक लहानसा रिमोट माझ्या डाव्या हातात ठेवला. "काका, ह्यानं कॅमेऱ्याला हात पण लावायला नको," एवढंच म्हणून गेली.

फोटो का आले नाहीत ते जरा राहू दे. एक बाई आल्या आहेत, त्यांचा फोटो काढून येतो.

३ जानेवारी, सकाळ

काल त्या बाईंनंतर लाईट गेली, मग लिहायचं राहिलं. त्यांना कसल्याशा अर्जाला फोटो हवा होता. मी दुकानातही हल्ली कॅमेरा स्टँडवर ठेवूनच काढतो. बाई म्हणाल्या, "भाऊ, पयले तर तुमी हातात धरूनच काढत होताव." मी म्हणालो, नवीन पद्धत आहे. लोकांचं लक्ष फार बारीक असतं ग.

आता तिसरा दिवस. तो वेळ अमावस्येचा होता.

तुझ्या पुण्याच्या मैत्रिणींना सांगितलंस तर त्यांना पटणार नाही, की त्या दिवशी आपल्याकडे गावं ओस पडतात आणि शेतं पूजेला-जेवायला भरतात. गीतांजलीनं मुद्दामच ती तारीख धरली होती. अहमदपूरच्या पुढं, मावळतीचं ऊन, कमरेइतकी ज्वारी, करडई, आणि जिथं बघावं तिथं पूजेसाठी उभ्या केलेल्या कडब्याच्या झोपड्या, कोपी. असं दृश्य वर्षातून एकदाच मिळतं, असं ती आदल्या दिवशी आम्हाला सांगत होती. बेत पक्का होता. चार वाजता शेतावर पोचायचं, ऊन तिरपं व्हायच्या आत स्टँड लावून तयार राहायचं.

पोरीची चूक एवढीच झाली, की कोणत्या शेतात उजेड चांगला पडेल हे आधी सांगता येईना म्हणून ती पाच-सहा शेतांवर जाऊन विचारून आली होती, "अमावस्येला आमची माणसं घेऊन आलो तर चालेल का?" तिच्या मनात ती परवानगी. आता वेळ अमावस्येला येऊ का म्हणून विचारणं म्हणजे काय, हे लातूरच्या पोरीला कळायला नको? प्रत्येक घरानं आख्ख्या गाडीचा स्वयंपाक करून ठेवला होता!

पहिल्याच बांधावर हाक आली, "या, या, कवाधरनं वाट बघून राहिलो!" नाही म्हणायची सोय नाही. पालेभाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, खिचडी, खीर, वर ताकातली आंबील. उठून पुढे गेलो तर दुसरी कोप. तिथंही तेच, "आमच्या घरचं गोड लागंना व्हय?" आप्पासाहेब पहिल्या कोपीत आडवा हात मारून जेवले, दुसरीत भिडेखातर जेवले, आणि तिसरीत आंबील पिऊन लेन्स पोटाशी धरून झोपले. गीतांजली एक डोळा घड्याळावर, एक सूर्यावर ठेवून घास गिळत होती. परभणीच्या बाई हसून हसून रडकुंडीला आल्या. ऊन सोनेरी झालं, तांबूस झालं, आणि आम्ही पत्रावळीवर.

शेवटच्या शेतात पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. ते शेत दगडोबा नावाच्या शेतकऱ्याचं. कोपीत त्याची म्हातारी आई धोंडाबाई, पूजेला मांडलेल्या पाच दगडांच्या पांडवांपुढे बसलेली. गीतांजलीचा चेहरा पडलेला. दगडोबानं विचारलं तर म्हणाली, "मामा, फोटोचा उजेड गेला."

दगडोबा म्हणाला, "उजेड उंद्या बी येतोय की. ही आंबील उंद्या ऱ्हातीय का?"

तिथं मी आंबील घेतली नाही. पहिल्या कोपीतही घेतली नव्हती. उजवा हात जॅकेटच्या खिशात घालून, डाव्या हातानं काठाकाठानं खाल्लं. डाव्या हातानं जेवताना बघून लोकांना काय वाटलं असेल देव जाणे. धोंडाबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"पावनं, तुमी आंबील न्हाई घेतली."

"पोट भरलं, मावशी."

"आन् हात कामून खिशात घातलाव?"

"थंडी आहे."

शेतात आंबील शिंपायची वेळ झाली होती. दगडोबानं गाडगं उचललं तशी म्हातारी म्हणाली, "थांब. यंदा पावन्याला शिंपू दे." आणि उठून तिनं गाडगं माझ्या डाव्या हातात दिलं आणि डहाळी उजव्यात. म्हणजे खिशातला हात काढावाच लागला.

मी शेताच्या धुऱ्यावरून कडेकडेनं निघालो. दगडोबा मागून शिंपताना म्हणायचं ते "ओलगे ओलगे, सालम पलगे" म्हणत होता. मी डहाळी बुडवून ज्वारीवर धरली, आणि मला काही करावंच लागलं नाही. हात आपला आपण चालला. थेंब नुसते उडत होते, चारी बाजूंना, बारीक, सारखे. म्हातारी ओरडली, "दगडू, बग! असं पडाय पायजे. तू एका जागी वतून येतूस. पावन्याचा हात लई सराईत हाय."

सगळे हसले. मीही हसलो, तनू. कितीतरी महिन्यांनी तो हात चारचौघांत उघडा होता आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

शेताच्या कोपऱ्यावर धोंडाबाई माझ्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "कवापासनं हाय हे?"

मी म्हणालो, "उन्हाळ्यापासून."

"लेकरायला ठाव हाय का?"

"नाही."

"न्हाई? कामून बरं?"

मी डहाळी पुन्हा गाडग्यात बुडवली. त्यांनीही धरून ठेवलं नाही. म्हणाल्या, "आमच्या मामांजीचा हात बी असाच हुता. त्ये हुते तवर त्येच शिंपायचे, दुसऱ्याच्या हाती देत नव्हते." आणि गाडगं तिथंच धुऱ्यावर ठेवून कोपीकडे गेल्या.

आता तुला कळलंच. ज्या म्हातारीचं मी आडनावही विचारलं नाही तिला मी हे सांगितलं आणि तुला सांगायला मला हे पत्र लागलं. त्याला कंपवात म्हणतात. नांदेडच्या डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये सांगितलं. जिवाला धोका नाही. गोळ्या चालू आहेत, सकाळी फिरायला जातो, हाताचे व्यायाम करतो. बरा होणार नाही, पण गोळ्यांनी बरीच वर्षं सांभाळता येतं, असं ते म्हणाले. तुझ्या आईला माहीत आहे. चहा अर्धा कप देते तो मी सांडू नये म्हणून. व्हिडिओ कॉलवर फोन तीच का धरते तेही आता तुझ्या लक्षात येईल. तिला मीच शपथ घातली होती, तिच्यावर चिडू नकोस.

तुला का नाही सांगितलं? तू हॉल बघत होतीस, साड्या बघत होतीस, फोनवर आधी हसायचीस आणि मग हॅलो म्हणायचीस. कसं सांगू? आणि खरं कारण हेही नाही. लहानपणी तू शाळेत सगळ्यांना सांगायचीस, "माझ्या पप्पांचा फोटो कधीच हलत नाही." ते मला फार गोड वाटायचं. त्या पप्पाला मी तुझ्यासमोर मोडायला तयार नव्हतो. भीती वाटली मला, माय. स्वच्छ सांगतो, भीती वाटली.

मग सहलीच्या आधी तू फोनवर सत्यमचं विचारलंस आणि मी गप्प राहिलो. तेवढ्यात तू फोन ठेवलास. तेव्हा मला कळलं नाही, की मी माझा हात झाकायला बघतोय आणि त्यापायी माझी पोरगी समजते आहे की तिचं माणूस बापाला नको आहे. हे बरोबर नाही, एवढं तरी त्या शेताच्या कोपऱ्यावर माझ्या लक्षात आलं.

तेव्हा ऐक. सत्यम मला पसंत आहे. दिवाळीत आला तेव्हा त्यानं न सांगता दुकानाचं शटर ओढून दिलं, तुझ्या आईच्या हातची भाकरी मागून खाल्ली, आणि तुझं बोलणं मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकलं. हे शेवटचं तर मलाही अजून जमत नाही. त्याच्यात दोष एकच, प्रत्येक फोटोत डोळे मिटतो. त्याच्यावर मी काम करीन.

पण तुझ्या लग्नाचे फोटो मी काढणार नाही. अक्षता पडतात ती वेळ परत मागून मिळत नाही, आणि तिथं टायमर लावून हात काढून घेता येत नाही. देगलूरच्या अमरेशला सांगितलं आहे. पोराचा हात चांगला आहे, फक्त नवरीला फार हसवतो. गीतांजलीलाही विचारलं होतं. ती म्हणाली, "काका, मी लग्नं काढत नाही, पण जेवायला नक्की येईन. एकाच ठिकाणी."

सोबत एक फोटो पाठवतो आहे, पाकिटात बघ. तो तिनंच काढला. उजेड गेला म्हणून बाकीच्यांनी स्टँड लावलेच नाहीत, तिनं लावला. मी कोपऱ्यावर धोंडाबाई गेल्यानंतर पुन्हा डहाळी घेऊन उभा होतो तेव्हा काढलाय. अंधुक होतं म्हणून शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागलं. मागं आभाळ आहे, दूर कुणाचा तरी कडब्याचा हेंडगा मशालीसारखा पेटलेला आहे, ज्वारीचं पान हललेलं नाही. मीही हललेलो नाही. जन्मभर लोकांना "हलू नका" म्हणत आलो, स्वतःला तेवढं येणारच. फक्त उजवा हात आणि त्यातून उडणारे थेंब पुसट आले आहेत. परतताना गाडीत तिनं दाखवला आणि विचारलं, "काका, ठेवू की काढून टाकू?" मी म्हणालो ठेव.

खरं सांगतो, परवा हा फोटो मी कॉम्प्युटरवर उघडला तो हात दुरुस्त करायलाच. त्यात अवघड काहीच नव्हतं. डावा हात उचलून, फिरवून उजव्याच्या जागी बसवला की झालं. लोकांच्या दाढ्या, मुरमं, मिटलेले डोळे, मी काय काय दुरुस्त केलं नाही? हात कापून बाजूलाही ठेवला होता. मग वाटलं, तुला नीटनेटका फोटो पाठवायचा आणि खरं पुन्हा झाकायचं, असं आता किती दिवस करणार? जसा होता तसा छापला. मुखेडच्या दुकानात मी छापलेला स्वतःचा पहिलाच फोटो असेल हा.

आणि तू विचारलेला फायदा. तो सांगायचा राहिलाच. जंगलात सुरक्षित जाता आलं, योग्य वेळी योग्य जागी कुणीतरी नेऊन उभं केलं, माझ्या झाडाचा पासपोर्ट फोटो झाला ते कळलं, आप्पासाहेबांसारखा मित्र मिळाला. ते आता फेब्रुवारीत परत चला म्हणतात, आणि मी चाललोय. पण मोठा फायदा वेगळाच आहे. मला वाटलं होतं, हात गेला म्हणजे फोटो गेले. तिथं गेलो तर आठ जण उभे, आठ स्टँड, आणि आठही जणांनी हात काढून घेतलेले. कुणाचा कापतो, कुणाचा नाही, फोटोला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. लग्नं सुटली माझी, तनू. त्याचं वाईट वाटतं, फार वाटतं. पण झाडं, पाणी, किल्ला, हे राहिलं आहे, आणि ते मला थांबायला वेळ देतात.

आता माझी एक मागणी. तुझ्या लग्नात एकच फोटो मी काढणार. जेवणाच्या आधी, सगळ्यांचा. अमरेशला बाजूला बसवायचं. मी स्टँड लावीन, चौकट ठरवीन, सत्यमला डोळे उघडे ठेवायला सांगीन आणि टायमर लावीन. मग हात काढून घेऊन चालत येऊन तुझ्या शेजारी उभा राहीन. आपल्या घरातल्या एकाही कार्याच्या फोटोत मी नाही, कधी लक्षात आलंय तुझ्या? ह्यात असणार. पाऊल जरा सावकाश पडतं हल्ली, म्हणून टायमर लांबचा लावावा लागेल. मी पोचेपर्यंत तेवढी हलू नकोस.

पत्र मिळालं की फोन कर. रडून झाल्यावर कर, आधी नको.

सगळं टाईप केलं, पण खालचं एवढं मी पेनानं लिहितो आहे. त्याच हातानं. अक्षर वाकडं आलंय, तरी ओळखशील.

तुझा
पप्पा